मीटरपाशी किती, मोटारीपाशी किती?

कडबाकुट्टीची मोटार जळाली की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, ‘मोटारच हलकी निघाली’. दुसरे, ‘आपले नशीब’. मग मिस्त्री मोटार उचलून तालुक्याला नेतो, आठ दिवसांनी वाइंडिंग भरून आणतो आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच धूर, तोच वास, तोच खर्च. दोन-तीन खेपा झाल्या तरी मोटार का जळाली हे ना मिस्त्री सांगतो, ना आपण विचारतो.

कपाशी पिवळी पडली की दुकानदार युरियाची थैली पुढे करतो. कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते असे की, आधी मुळाशी पाणी तुंबले आहे का ते पाहावे. तुंबले असेल तर चर काढावा, युरियाचे नंतर बघावे. मोटारीचे याहून वेगळे नाही. जळालेले वाइंडिंग हे पिवळे पान आहे. रोग बहुतेक वेळा मोटारीत नसतो, तारेत असतो, असे आमचे मत आहे. आपल्या तारेत, नाही तर वीज कंपनीच्या तारेत. कोणाच्या, ते ठरवल्याशिवाय नवी मोटार बसवणे म्हणजे तुंबलेल्या रानात युरिया फेकणे.

जिल्हा बैठकीच्या पत्रकात मोटारीचे पुराण कशाला, असे कोणाला वाटेल. ज्वारीच्या दाण्याला भाव मिळो न मिळो, कोरडवाहू घरचे बैल आणि म्हैस कडब्यावर जगतात. पेंढी अख्खी टाकली तर जनावर पाला आणि शेंडा खाते, बुडखे पायाखाली तुडवते. संकरित ज्वारीचे जाड धांडे तर हुंगून सोडून देते. कुट्टी केली की तोच कडबा पुरवणीला येतो. ऐन उन्हाळ्यात मोटार बसली की कडब्याची नासाडी सुरू होते, किंवा घरातल्या बाईला हाताने चाक ओढावे लागते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट बोटांची आहे. दिवेलागणीला व्होल्टेज पडते, चाक रडतखडत फिरते, जाड पेंढी तोंडात अडकते आणि मोटार गुरगुरत थांबते. बटण बंद न करता कोणीतरी ती पेंढी ओढायला हात घालतो. तेवढ्यात शेजारची पिठाची चक्की बंद होते, व्होल्टेज चढते आणि थांबलेले चाक फिरते. अशा हातांची मोजदाद कोणी करत नाही. म्हणून पुढचे सारे वाचण्याआधी एवढे घरात सर्वांना सांगा: बटण बंद, पिन बाहेर, मगच हात आत. गुरगुरणाऱ्या मोटारीचे चाक हाताने ढकलून चालू करणारे बहाद्दर गावोगाव आहेत. त्यांचे कौतुक करणे बंद करा.

आता मोटारीकडे वळू. आपल्याकडे कुट्टीला बहुतेक सिंगल फेजची, दोन एचपीच्या आसपासची मोटार असते. ती मुळीच आवाज करत नसेल, तर जळाली असे म्हणण्याची घाई नको. फ्यूज, बटण, पिन, उंदराने कुरतडलेली वायर, या क्रमाने पाहा. ‘टेस्टर पेटतोय, म्हणजे लाईन आहे’ असे मिस्त्रीही म्हणतात. यात मोठी फसगत आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटले असले तरी तो पेटतो आणि व्होल्टेज निम्मे असले तरी पेटतो. किती व्होल्ट आहेत हे फक्त मल्टीमीटर सांगतो. बाजारात तो तीन-चारशे रुपयांत मिळतो. आमचे म्हणणे असे की गावात जितकी फवारणीची पंपे आहेत त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी मल्टीमीटर असते, तरी निम्मी भांडणे मिटली असती.

मोटार गुणगुणते पण फिरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. पिन काढा, पट्टा उतरवा आणि मोटारीची पुली हाताने फिरवून पाहा. जड फिरली किंवा आत खरखर झाली तर बेअरिंग गेले. मोकळी फिरली तर संशय कंडेन्सरवर घ्या. मोटारीच्या पाठीवर नळकांड्यासारखा बसवलेला असतो तो. वीज बंद केल्यावरही त्यात ती साठून राहते, म्हणून उघड्या हाताने त्याची टोके धरू नयेत. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी टोकांना लावून मिस्त्री ती आधी उतरवतो. नवा कंडेन्सर घेताना जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्ट तेच पाहून घ्या. ‘हा पण चालतो’ या दुकानदारी उत्तराने मोटारी गेल्या आहेत. कंडेन्सरची किंमत वाइंडिंगच्या मानाने किरकोळ असते. एवढ्यावर काम भागत असताना वाइंडिंगचे पैसे लावणारे मिस्त्रीही आहेत, सगळे नाहीत.

तिसरी जागा कोणी पाहत नाही. कंडेन्सरवर चालू होणाऱ्या मोटारीच्या आत एक छोटा स्विच असतो. मोटारीने वेग घेतला की तो सुरुवातीचे वाइंडिंग आपोआप तोडतो. कुट्टीचा बारीक भुसा आत जाऊन त्याचे पॉइंट चिकटतात. मग जे वाइंडिंग दोन-चार सेकंदांसाठी बनवलेले असते ते तासभर चालू राहते आणि जळते. वाइंडिंग नवे भरले आणि पॉइंट तसेच ठेवले, तर नवे वाइंडिंगही त्याच वाटेने जाणार. हंगाम संपल्यावर मोटार उघडून भुसा झाडून घेणे आणि मोटारीवर हवा खेळती राहील असे पत्र्याचे झाकण करणे, याला खर्च नाही.

रिकामी मोटार छान फिरते आणि पेंढी लावली की मरते, तेव्हा आधी पाती पाहा. बोथट पाती किंवा फिरत्या पात्यात आणि खालच्या स्थिर पट्टीत पडलेली फट असली की धांडे कापले जात नाही, चेंगरले जाते, आणि तेवढा भार मोटारीवर येतो. पाती ठीक असतील तर मग तारेचा हिशेब करायचा.

आपला गोठा घरापासून लांब असतो. समजा दोनशे फूट. घरातल्या दिव्याची असते तशी एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आपण बाभळीवरून टाकून नेतो. जाऊन-येऊन ती चारशे फूट झाली. तिचा रोध सव्वादोन ओहमच्या आसपास भरतो. दोन एचपीची मोटार चालताना दहा-बारा अँपिअर ओढते, म्हणजे पंचवीसेक व्होल्ट वायरीतच विरतात. चालू होण्याच्या क्षणी मोटार पाच-सहा पट वीज मागते. तेव्हा मीटरपाशी पूर्ण २३० व्होल्ट असले तरी मोटारीपाशी दीडशे ते पावणेदोनशेच पोचतात. आणि मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज सत्तर टक्के झाले की ताकद निम्म्यावर येते. मोटार गुणगुणते ती म्हणून. आत पेंढी असेल तर ती तिथेच तापत बसते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर दहा अंश जादा उष्णतेमागे वाइंडिंगच्या इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे.

तीच वायर चार चौरस मिलिमीटरची टाकली तर चालत्या मोटारीला फक्त सहा-एक व्होल्टचा तोटा होतो. एकदाच खर्च. पण वायर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, मोटार भरते. सरकारचेही तसेच. कडबाकुट्टीला अनुदान आहे, अर्ज आहे, पोचल्याचा फोटो आहे. ती ज्या तारेवर चालणार तिथे संध्याकाळी सात वाजता किती व्होल्ट असतात, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही.

म्हणून एकच परीक्षा सांगतो. कुट्टी चालू असताना मल्टीमीटरने दोन जागी मोजा, घरातल्या मीटरपाशी आणि गोठ्यात मोटारीपाशी. उघड्या टोकांना हात लागण्याचा धोका असतो, तेव्हा हे वायरमनकडून करून घ्या, पण आकडा स्वतः वाचा. दोन आकड्यांतला फरक आपला. तो आपल्या वायरीने खाल्ला, त्याबद्दल कोणाकडे बोट दाखवायचे नाही. पण मीटरपाशीच जे कमी आहे ते वीज कंपनीचे. तिथे १७० दिसत असतील तर तुम्ही सोन्याची वायर टाकली तरी मोटार जळेल.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी सांगितले होते की लघुदाब पुरवठ्याचे व्होल्टेज जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त खालीवर जाता कामा नये. २३० ला हिशेब केला तर २१६ ते २४४. पुढे २००३ चा वीज कायदा आला. त्याच्या कलम ५७ ने पुरवठ्याची मानके आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई, हे तत्त्व घातले. कलम ४२ ने तक्रार निवारण मंच आणि त्यावर लोकपाल दिला. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००५ मध्ये या मानकांची नियमावली काढली आणि नंतर ती सुधारली. म्हणजे कागदावर हक्क आहे. तो न मिळण्याचे एक कारण कंपनीची बेपर्वाई हे आहेच. दुसरे असे की आपली तक्रार ‘लाईट कमी येते’ एवढीच असते. त्यात तारीख नाही, वेळ नाही, आकडा नाही. साहेब म्हणतो, ‘आता तर ठीक आहे’, आणि दुपारी बारा वाजता ते खरेही असते.

आणखी एक कडू गोष्ट बोलून टाकू. ज्या डीपीवर मंजूर भारापेक्षा दुप्पट भार आहे तिथे आकडे टाकणारे आपलेच भाऊबंद असतात. त्यांच्या आकड्याने शेजाऱ्याची मोटार जळते. कंपनीच्या दारात जाण्याआधी गावाने आपसात हे बोलून घेतले नाही, तर पहिल्याच भेटीत तोंड बंद होते.

इतके करूनही मोटार खरोखर जळालेली असेल, तर बदलताना जुन्या पाटीवरचे आकडे कागदावर उतरवून न्या. एचपी सगळे पाहतात, फेरे कोणी पाहत नाही. जुनी मोटार मिनिटाला १४४० फेऱ्यांची असेल आणि दुकानात स्वस्त मिळाली म्हणून २८८० ची आणून त्याच पुलीवर बसवली, तर कुट्टीचे चाक दुप्पट वेगाने फिरेल. पात्याचे बोल्ट त्या वेगासाठी नसतात. सुटलेले पाते समोरच्या माणसाला विचारत नाही. शाफ्टची जाडी, पायाच्या भोकांचे अंतर आणि फिरण्याची दिशाही जुळवा. दिशा उलटी आली तर मिस्त्री सुरुवातीच्या वाइंडिंगची टोके बदलून ती फिरवतो. वाइंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे, हे बिलावर लिहून घ्या. जुनी मोटारच भरून घ्यायची असेल तर तारेचे गेज आणि वजन मिस्त्रीसमोर नोंदवा. बारीक तार भरून पैसे जाड तारेचे घेण्याचा धंदा चालतो.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तारीख, वेळ, मीटरपाशी किती, मोटारीपाशी किती, असे चार रकाने. सलग सात संध्याकाळी, निदान पाच घरी. गावात मल्टीमीटर एकच असेल तर तो आळीपाळीने फिरवा. एका डीपीवरच्या सर्व घरांचा अर्ज एकत्र करा, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक आणि वहीची नक्कल जोडा, जळालेल्या मोटारींच्या वाइंडिंगची बिले असतील तर तीही लावा. पुढचे कामकाज बैठकीत ठरवू. अर्ज स्थानिक कचेरीत आधीच देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका.