श्रमदानातून उभी राहिलेली रेल्वे

वेल्सच्या वायव्य भागातील फेस्टिनिओग रेल्वे १८३६ साली सुरू झाली ती पाटीच्या दगडासाठी. खाणीतून भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच भाराने पोर्थमॅडॉग बंदराकडे यायच्या आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे. ते घोडे खाली येताना त्याच गाडीत ऐटीत उभे असत! रूळमार्गाची रुंदी जेमतेम दोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढीच. पुढे वाफेची इंजिने आली, प्रवासी आले आणि १९४६ साली सारेच थांबले. मूळ अधिनियमात रेल्वे बंद करण्याची तरतूदच नव्हती, म्हणून रूळ उखडले गेले नाहीत. कायद्यातील उणिवेने वारसा वाचावा, असा योग विरळाच.

शेजारच्या टॅलिलिन रेल्वेवर १९५१ साली स्वयंसेवकांनी गाडी चालवून दाखवली होती. तो आदर्श समोर ठेवून फेस्टिनिओगचे काम सुरू झाले. १९५४ साली अ‍ॅलन पेग्लर यांनी कंपनीचा ताबा मिळवला आणि पुढच्याच वर्षी बंदराजवळच्या बांधावरून गाडी धावली. परंतु खरी परीक्षा पुढेच होती. जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयासाठी वरच्या टप्प्यातील मार्ग घेतला गेला. भरपाईसाठी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले. आणि तरीही स्वयंसेवक निकालाची वाट पाहत बसले नाहीत. १९६५ पासून विद्यार्थी, कारकून, शिक्षक सुटीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन डोंगरात येऊ लागले. उंची गाठण्यासाठी त्यांनी रुळांचे एक संपूर्ण वेटोळे रचले. बोगदा मात्र हौशी हातांचे काम नव्हे, हे ओळखून कॉर्नवॉलचे खाणकामगार मोलाने आणले. आपल्या मर्यादा जाणणे हेही संघटनेचे बळच. १९७८ साली वळणमार्ग पुरा झाला, १९८२ साली गाडी ब्लायनाई फेस्टिनिओगला पोहोचली आणि २०२१ साली त्या परिसराच्या पाटी-उद्योगाला जागतिक वारशाचा मान मिळाला. या वारशात ही रेल्वेही आहे.

आजच्या अडचणी निराळ्या आहेत. त्या पिढीचे हात थकले. वेल्समधील शेवटची मोठी उघडी कोळसाखाण २०२३ साली बंद झाल्याने वाफेच्या इंजिनांच्या कोळशाचा प्रश्न तेथील साऱ्याच वारसा रेल्वेंपुढे उभा राहिला. नवी मुले घडवावीत, तर १९२० चा बालकामगार प्रतिबंधक कायदा विनामूल्य सेवेलाही लागू होतो, असे काही वर्षांपूर्वी ध्यानात आले. गिरणीतल्या पोरांसाठी केलेला कायदा हौसेने पितळ घासणाऱ्या मुलाच्या आड यावा, याला काय म्हणावे?

विदर्भाच्या शकुंतलेची आठवण येथे येणे स्वाभाविक आहे. मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही अरुंदमापी गाडी थांबून वर्षे लोटली. ती वाचावी म्हणून तेथील नागरिकांनी आंदोलने केली. ब्रॉडगेज व्हावे ही मागणीही रास्तच आहे. परंतु ते होईल तेव्हा होईल; तोवर एखादे स्थानक, दोन-चार मैलांचा रूळ जपायला काय हरकत आहे? अचलपूरच्या तरुणांनी उद्या रुळांवरची झुडपे तोडायचे ठरवले, तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार तो अनधिकृत प्रवेश ठरू शकतो. वेल्सच्या स्वयंसेवकांना आधी कंपनी हाती घ्यावी लागली; येथेही सुरुवात रीतसर परवानगीपासूनच करावी लागेल.