चित्ररथांना बक्षीस नको, आगाऊ निधी द्या

जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या तीन चित्ररथांना रोख बक्षीस देण्याची पद्धत अनेक ठिकाणच्या मध्यवर्ती समित्यांनी चालू ठेवली आहे. ती बंद करावी, आणि तोच पैसा चित्ररथ उभारणाऱ्या वस्त्यांच्या हातात मिरवणुकीच्या आधी द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चवदार तळ्याचा देखावा ट्रॉलीवर उभा करायचा म्हटले की लोखंडी सांगाडा, वेल्डिंग, प्लायवूड, फायबरचे पुतळे, रंग, जनरेटर, ट्रॅक्टरचे भाडे हे सगळे आले. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे (ती योग्यच आहे), म्हणजे स्वस्तातला मार्गही उरला नाही. हा खर्च मार्चमध्येच करावा लागतो. बक्षीस मिळते १४ एप्रिलनंतर, तेही तिघांना. बाकीच्यांनी काय करायचे? पोरे व्याजाने पैसे काढतात, नाहीतर नगरसेवकाचे दार ठोठावतात. मग बाबासाहेबांच्या पुतळ्यापेक्षा मोठा त्याचा फोटो पुढे लागतो. त्याला तरी दोष काय द्यायचा? ती जागा आपणच रिकामी ठेवली.

आमच्या ओळखीच्या एका तरुण मूर्तिकाराने काळाराम मंदिर सत्याग्रहाचा देखावा केला. समितीने स्टेजवर बोलावून शाल दिली. फायबरवाल्याची उधारी तो दिवाळीपर्यंत फेडत होता. पुढच्या वर्षी तो आला नाही.

यावर काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, ‘बाबासाहेबांच्या कामाचे पैसे कसले मागता?’ जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली ती १९२८ साली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. रात्रंदिवस राबायचे आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, हा महार वतनाचा जाच होता. त्याच बाबासाहेबांच्या नावाने आपल्याच कारागिराला फुकट राबवायचे? झेंडे लावणे, पाणी वाटणे ही स्वयंसेवा आहे. महिनाभराची रोजंदारी बुडवून सांगाडा उभा करणे हे श्रम आहेत, आणि श्रमाला दाम द्यावाच लागतो.

पैसे घेऊन काम झालेच नाही तर? तीन हप्ते करा. आराखडा मंजूर झाल्यावर पहिला, सांगाडा उभा राहिल्यावर दुसरा, रंगकाम सुरू होताना तिसरा. मजुरी सामानापासून वेगळी धरा. निवड करणाऱ्यांत एक तरी कलावंत आणि वस्तीतल्या महिला असाव्यात. पहिल्यांदाच चित्ररथ काढणाऱ्या वस्त्यांसाठी काही वाटा राखून ठेवावा. राखीव जागा कशासाठी असतात हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. चुरस हवीच असेल तर ढाल द्या, रोख रक्कम देऊ नका.

पैसा कुठून आणायचा, हे डीजेचे बिल भरणाऱ्यांनी तरी विचारू नये. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावीच लागते, तेव्हा हिशेब ठेवावाच लागतो. तोच हिशेब विहाराच्या फलकावर लावा.

समित्यांची पहिली बैठक अनेकदा फेब्रुवारीत होते. तोवर लोखंड उधारीवर आलेले असते. ही बैठक ६ डिसेंबरनंतरच्या आठवड्यातच व्हावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर निधीवाटप हा पहिला विषय असावा.