मत्स्यपालनाचा धडा

सेवानिवृत्तीनंतर आमच्या ओटीवर कांचेची मत्स्यपेटी आली. शाकाहारी घरांत मासे पाहून शेजारी हंसले; परंतु सायंसंध्येनंतर त्या पांच सुवर्णमत्स्यांचा निःशब्द विहार पाहण्यांत जें चित्तस्वास्थ्य लाभतें, तें अनुभवावांचून कळावयाचें नाहीं.

गेल्या महिन्यांत नातवानें मोठ्या प्रेमानें पेटी घासूनपुसून लख्ख केली, तळची वाळू कढत पाण्यानें धुतली व सर्व पाणी नळाचें ताजें भरलें. मींच त्यास शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशीं दोन मासे मेले. "आजोबा, मी तर स्वच्छच केलें ना?" असें म्हणून पोर रडूं लागलें.

मागाहून कारण समजलें. माशांच्या उत्सर्गापासून विषारी अमोनिया उत्पन्न होतो; वाळूवर वसणारे सूक्ष्म जंतू त्याचें अखेर सौम्य नायट्रेटांत रूपांतर करतात. ते उपकारक जंतूच आम्हीं धुवून टाकले होते! शिवाय नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस बाधतो.

आतां आठवड्यास चतुर्थांशच पाणी बदलतों, तेंही क्लोरीननिवारक औषध घालून. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच. उरलेले तिघे सुखरूप आहेत.

वाचकहो, पालन म्हणजे घडोघडीं हात घालणें नव्हे. एकत्र कुटुंबांतील आम्हां वडीलधाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें.