सहकार कोणाचा?

सहकार हा शब्द महाराष्ट्रांत इतका प्रतिष्ठित झाला आहे कीं, त्याविरुद्ध एक अक्षर काढणें म्हणजे कृतघ्नपणा समजला जातो. तो दोष पत्करूनही आम्हांस एक प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या साखर कारखान्याच्या कमानीवर 'सहकारी' हें विशेषण झळकतें, त्याच्या सहकारांत ऊस तोडणारा कोठें बसतो?

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या खोऱ्यांत उभारलेल्या कारखान्याचें गाळप 1950-51 च्या हंगामांत सुरू झालें. खासगी कारखानदारापुढें हात जोडून उभा राहणारा शेतकरी स्वतःच्या कारखान्याचा धनी झाला. या कार्याचें मोल आम्ही तिळमात्र कमी करीत नाहीं. परंतु ज्या तत्त्वानें शेतकरी धनी झाला, तें तत्त्व त्याच्याच बांधावर येऊन थबकलें, ही आमची तक्रार आहे.

दिवाळी सरली कीं बीड-पाथर्डीकडील हजारों कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसांची गणना एका हत्याराच्या नांवानें होते. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. 2019 मध्यें शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील 82,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकीं 13,000 हून अधिक स्त्रियांवर गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. तोडणींत खाडा पडूं नये ही त्यामागची एक भीति, असें या स्त्रियाच सांगत आल्या आहेत. ज्या साखरेची ही किंमत आहे, ती साखर आम्ही सुशिक्षित कुटुंबांतील माणसें रोज सकाळीं चहांत ढवळतों.

यावर उत्तरें ठरलेलीं आहेत. पहिलें असें कीं, हा मजूर कारखान्याचा नव्हे, मुकादमाचा. मग मुकादमाशीं करार कोण करतो? कोणत्या शेतांतील ऊस केव्हां तोडावयाचा, हें कोण ठरवितो? कारखान्याचाच शेतकी विभाग! दुसरें असें कीं, हा मजूर हंगामी. पण गाळप तरी कोठें बारमाही आहे? कारखाना हंगामी चालूनही त्याचे मालक बारमाही राहूं शकतात, तर तोडणारा सभासद कां होऊं नये? तिसरें असें कीं, या लोकांस संस्था चालविणें साधणार नाहीं. अशीच शंका एके काळीं शेतकऱ्याविषयींही घेतली गेली होती.

शिवाय अनुभव याच्या उलट आहे. 1947 पासून मुंबई इलाख्यांत जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्या लाकूड तोडणाऱ्या आदिवासींच्या डोक्यावरील ठेकेदार दूर करण्यासाठींच. पुण्यांत कचरा वेचणाऱ्यांनीं 1993 मध्यें कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापिली. पुढें 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. ज्या स्त्रियांकडे शहरानें ढुंकूनही पाहिलें नव्हतें, त्या संस्थेच्या सभासद झाल्या. लाकूड तोडणाऱ्यास आणि कचरा वेचणारीस जें साधलें, तें ऊस तोडणाऱ्यासच साधणार नाहीं, असें म्हणण्यास आधार कोणता?

ऊसतोड मजुरांसाठीं शासनानें कल्याण महामंडळ स्थापिलें आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु कल्याण ही वरून येणारी कृपा आहे आणि सभासदत्व हा हक्क आहे. पहिलें दिलें म्हणून दुसऱ्याचें देणें फिटत नाहीं. कारखान्यांनीं मुकादमास मधून काढून तोडणी मजुरांच्या सहकारी सोसायट्यांशीं थेट करार करावे, नवरा व बायको यांची मजुरी वेगळी मोजून ज्याची त्याच्या हातीं द्यावी, आणि संचालक मंडळावर त्यांचे प्रतिनिधी घ्यावेत. एवढें करण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनीं कारखाना खुशाल चालवावा. मात्र कमानीवरील 'सहकारी' हें विशेषण तेवढें उतरवून ठेवावें.