लिलावातील लबाडी आणि आपण

जत्रा आटोपली की देवापुढे आलेल्या नारळ-केळ्यांची पावणी होते, हे आमच्या भागातील मुलांस सांगावयास नको. कोंकणीतील पावणी म्हणजेच मराठीतील लिलाव. आणि हा ‘लिलाव’ शब्दही मूळचा पोर्तुगीज. पावणीत केळीचा घड सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो आणि बोली बोलणारा कोणाचा कोण हे सर्वांस ठाऊक असते. दांडेलीच्या लाकूड डेपोत सागवान घेण्यास येणारा व्यापारीदेखील आधी ओंडका न्याहाळी, ठोकून पाही आणि मगच बोली लावी. सारांश, वस्तू पाहणे आणि माणूस ओळखणे या दोन खांबांवर जुना लिलाव उभा होता.

इंटरनेटवरील लिलावाने हे दोन्ही खांब काढून घेतले. अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ या नावाने जगभर पसरले. आपल्या देशातील ‘बाझी’ हे तशाच प्रकारचे संकेतस्थळ २००४ साली ईबेने विकत घेतले, आणि २०१८ साली ईबेची येथील शाखा बंद झाली. तथापि न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेली वस्तू घेण्याचा प्रघात बंद झाला नाही. उलट तो खेड्यापाड्यांत पोहोचला. मोबाईलला ‘रेंज’ मिळावी म्हणून जेथे अजूनही टेकडी चढावी लागते, त्या आमच्या जोयडा तालुक्यातही तो आला आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. थोरल्या मुलाने अशाच एका ठिकाणी जुन्या मोटारसायकलीचे चित्र पाहिले. विक्रेता स्वतःस सैनिक म्हणवीत होता. बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात देतो, असे सांगून त्याने गणवेशातील छायाचित्रही पाठविले. प्रथम वाहतुकीचे दोन हजार, मग कागदपत्रांचे पाच, मग ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून आणखी सात, असे चौदा हजार रुपये गेले आणि त्यानंतर फोन बंद झाला. ही गोष्ट त्या घराने चार महिने कोणासही सांगितली नाही. का, असे आम्ही विचारले, तेव्हा त्या मुलाचे वडील खाली मान घालून म्हणाले, “सर, लोक हसतील.”

आमचा आजचा सारा मुद्दा या दोन शब्दांत आहे. लाज वाटावयाची ती लबाडास. ती फसलेल्याच्या वाट्यास का यावी?

कायदा तर याबाबत अगदी स्पष्ट आहे. लोक ज्यास ‘चारशेवीस’ म्हणत, त्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ने घेतली आहे. फसवून दुसऱ्याची मालमत्ता काढून घेणाऱ्यास त्यान्वये सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. संगणकाच्या वा मोबाईलच्या साहाय्याने भलत्याचेच सोंग घेऊन फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नित्याचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याने फसविल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. त्याखालील तक्रार ग्राहकास स्वतः राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तिला शुल्कही पडत नाही. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला, तरी जोयड्याच्या माणसाने कारवारच्या आयोगापुढे दाद मागावी.

लिलावात आणखी एक लबाडी चालते. ती म्हणजे खोटी बोली. मालकाने आपलाच माणूस गिऱ्हाइकांत उभा करून भाव चढवावयाचा. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम ६४ सांगते की, अशा खोट्या बोलीने भाव वाढविला असेल, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदारास आहे. अमेरिकेतील केनेथ वॉल्टन या वकिलाने २००० साली ईबेवर एक चित्र विक्रीस मांडले. ते रिचर्ड डीबेनकॉर्न या ख्यातनाम चित्रकाराचे वाटावे म्हणून त्यावर स्वतःच आद्याक्षरे रंगविली. तो आणि त्याचे साथीदार निरनिराळी नावे धारण करून एकमेकांच्या वस्तूंवर बोली चढवीत. पंचवीस सेंटांपासून निघालेली ती बोली १,३५,८०५ डॉलरांवर गेली. अखेर बिंग फुटले, विक्री रद्द झाली, २००१ साली त्यास न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला आणि वकिलीसही मुकावे लागले.

विद्यार्थी मित्रहो, हे वाचून ‘ते लबाड दूरचे, आपण बिचारे गिऱ्हाईक’ असे मात्र समजू नका. उद्या तुम्हीही आपला जुना मोबाईल विकावयास काढाल. काचेचा तडा दिसू नये असा कोन साधून छायाचित्र घ्याल काय? बॅटरी दुपारीच संपते हे सांगाल की गाळाल? मित्रास खोटी बोली लावावयास सांगाल काय? वॉल्टनच्या आणि तुमच्या करणीत मग रकमेचाच काय तो फरक उरेल.

कायद्याचे हात लांब असतात हे खरे. परंतु कोणी हाक मारल्यावाचून ते पुढे येत नाहीत. पैसे गेल्याचे ध्यानी येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. कारण रक्कम लबाडाच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी कळविले, तर ती अडविता येण्याचा संभव असतो. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. जाहिरात, संभाषण आणि पैसे दिल्याची नोंद पुसून टाकू नये; तोच पुरावा होय. त्या कुटुंबाने पहिल्या दिवशीच तोंड उघडले असते, तर चौदा हजारांपैकी काही हाती लागले असते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण चार महिन्यांच्या मौनाने लाभ झाला तो केवळ त्या तोतयाचा, एवढे खचित.

म्हणून आमचे पालकांस व मुलांस इतकेच सांगणे आहे. शेजारी फसला, तर त्यास हसू नका. त्याच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चला. आणि स्वतः काही विकावयाचे झाले, तर देवापुढच्या पावणीत घड जसा सर्वांसमोर ठेवतात, तशी आपली वस्तू तिच्या डागांसकट गिऱ्हाइकापुढे ठेवा.