कागल, निपाणी आणि पीण्या: कामासाठी राज्य बदलले की कोणते हक्क सोबत येतात?

पुणे–बंगळूरू राष्ट्रीय महामार्गावर कागल आणि निपाणी या दोन गावांत जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडे मराठी बोलली जाते. मध्ये कोगनोळीजवळ राज्याची हद्द लागते: कागल महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात. हाच महामार्ग पुढे बंगळूरूत शिरताना पीण्या औद्योगिक क्षेत्राजवळून जातो. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या क्षेत्रात लेथ आणि सीएनसीची वर्कशॉप, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, तयार कपडे असे हजारो लहान-मोठे उद्योग आहेत.

समजा, कागलचा एक आणि निपाणीचा एक तरुण इथे एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच पगारावर कामाला लागले. दोघेही घर सोडून आले आहेत. पण सरकारी योजनांच्या दृष्टीने दोघांची स्थिती सारखी नाही. निपाणीचा तरुण आपल्याच राज्यात आहे. कागलचा तरुण आंतरराज्य स्थलांतरित ठरतो.

सोबत येणारे हक्क

केंद्राच्या कायद्यांनी दिलेले बरेच हक्क कामगारासोबत प्रवास करतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक सदस्याला दरमहा ५ किलो धान्य मिळते. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये जानेवारी २०२० पासून आहेत. त्यामुळे कागलच्या कार्डावरील धान्य पीण्याजवळच्या रास्त भाव दुकानातही घेता येते. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेले असावे लागते. धान्य विभागूनही घेता येते: कामगाराने आपला वाटा इथे घ्यावा, उरलेला कुटुंबाने गावी घ्यावा.

कारखान्यात पगारपत्रक मिळत असेल, तर भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आणि राज्य विम्याचा (ईएसआय) क्रमांक नोकरी किंवा राज्य बदलले तरी तोच राहतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. पगारपत्रक नाही, पीएफ-ईएसआय नाही, अशा १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. आयुष्मान भारतचे कार्ड असल्यास देशभरातील संलग्न रुग्णालयांत ते चालते.

हद्दीवर थांबणारे लाभ

राज्यांच्या योजनांचे तसे नाही. कर्नाटकच्या अन्नभाग्य योजनेतील वाढीव लाभ तिथल्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या शक्ती योजनेतील मोफत बसप्रवासासाठी महिलेकडे कर्नाटकच्या रहिवासाचा पुरावा लागतो. गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये कर्नाटकच्या शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असलेल्या महिलेला मिळतात. महाराष्ट्रातील 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे १,५०० रुपयेही महाराष्ट्राच्या रहिवासी महिलांसाठीच आहेत.

म्हणजे निपाणीच्या तरुणाची पत्नी पीण्याला राहायला आली, तरी तिचे लाभ तिच्यासोबत येतात. कागलच्या तरुणाची पत्नी आली, तर इकडचे लाभ तिला लगेच मिळत नाहीत आणि पत्ता बदलला की तिकडचे थांबू शकतात.

कार्ड गावी ठेवावे की इकडे आणावे?

या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. एकटा कामगार शहरात आणि कुटुंब गावी असेल, तर कार्ड गावीच ठेवून इथे फक्त आपला वाटा घेणे सोयीचे. पूर्ण कुटुंब कायमचे आले असेल, तर पत्ता बदलण्याचा विचार करता येतो. पण जुने कार्ड रद्द झाल्यापासून नवे मिळेपर्यंत घर रेशनविना राहू शकते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा मिळवणेही सोपे नसते.

कायदा कुठे अपुरा पडतो?

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा अशा पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ठेकेदाराशिवाय, स्वतःहून आलेला कामगारही आता व्याख्येत आला, हा मोठा फायदा. गावी जाण्या-येण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूदही तिच्यात आहे. पण स्थलांतरितांसाठीचे हे प्रकरण दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. ज्या वर्कशॉपमध्ये परराज्यातले चार-पाच जणच आहेत, तिथला कामगार बाहेरच राहतो. पीण्यासारख्या लघुउद्योगांच्या क्षेत्रात ही अट महत्त्वाची ठरते.

मताचेही तसेच. मतदार म्हणून नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. गावी ठेवले, तर मतदानासाठी रजा आणि प्रवासखर्च आला. दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांसमोर ठेवला होता. निवडणुकीत त्याचा वापर झालेला नाही. जिथे घाम गाळतो तिथे मत नाही आणि जिथे मत आहे तिथे हजर नाही, अशा कामगाराचा विचार योजना आखताना मागे पडतो.

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर गेलेल्यांपुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इतर राज्यांतून आलेल्यांची संख्या महाराष्ट्रातच सर्वाधिक होती. कागलच्या तरुणाला पीण्यात जी अडचण येते, तीच बिहारच्या तरुणाला चाकण किंवा भिवंडीत येते. योजनांचे मराठीकरण करताना 'रहिवासी' हा शब्द जवळपास प्रत्येक अर्जात भेटतो. अर्ज विचारतो, तुमचे गाव कोणते? कामगाराची अडचण मात्र आज तो जिथे राहतो तिथली असते. रेशनच्या बाबतीत देशाने ही गाठ सोडवली आहे. राज्यांच्या योजनांबाबत ती अजून तशीच आहे.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

• शिधापत्रिकेवरील प्रत्येक सदस्याचे आधार जोडलेले आहे का, ते गावीच तपासा.
• रेशनसाठी कार्ड बदलून आणण्याची गरज नाही. दुकानदाराने नकार दिल्यास १४४४५ वर संपर्क साधा.
• कामावर लागताना पगारपत्रक मागा. जुना यूएएन आणि ईएसआय क्रमांक सांगा. नवा काढू नका.
• पीएफ-ईएसआय नसेल तर ई-श्रम नोंदणी करा. मदतीसाठी क्रमांक १४४३४.
• पत्ता बदलण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला मिळणाऱ्या लाभांची यादी करा. कोणता थांबेल आणि कोणता सुरू होईल, हे पाहूनच निर्णय घ्या.