उघडी जखम घेऊन खाऱ्या पाण्यात उतरू नका

पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातल्या कामगार बंधू-भगिनींनो,

गणपती तोंडावर आले आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण रजा टाकून रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावी निघतील. बाकीचे गुरुवारची सुट्टी साधून ताम्हिणी घाटातून काशीद, मुरूड, दिवेआगर गाठतील. जरूर जा. मात्र हातापायावर ताजी जखम असेल तर समुद्रात किंवा खाडीत पाऊल टाकू नका. विसर्जनालासुद्धा नाही.

उबदार खाऱ्या पाण्यात ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ नावाचा जिवाणू राहतो. तो पटकीच्या जिवाणूच्या कुळातला. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो वाढतो, आणि कोकण किनाऱ्याचे पाणी बाराही महिने त्याहून उबदार असते. नदीचे गोडे पाणी मिसळलेली खाडी त्याला विशेष मानवते. तो घाणीमुळे येत नाही, मुळात तिथलाच रहिवासी आहे. त्यामुळे पाणी नितळ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘खारं पाणी लागलं की जखम लवकर भरते’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या जिवाणूच्या बाबतीत ते साफ चूक आहे. त्याला जगायला मीठच लागते.

घबराट नको. हा आजार दुर्मीळ आहे. भारतात नोंदलेले रुग्ण थोडे आहेत आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही. पण होतो तेव्हा वेळ देत नाही. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेच्या माहितीनुसार लागण झालेल्या पाचांपैकी सुमारे एक जण दगावतो, काही तर आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांत. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर 1988 ते 2018 या काळात जखमेतून होणारी ही लागण आठपट वाढली. समुद्र तापत चालला आहे, तो आपलाही.

आपल्याला जास्त जपायचे कारण आपल्या कामात आहे. प्रेस शॉपमध्ये पत्र्याची धार लागते, मशीनवर बर बोटात घुसते, बुटाने टाच सोलवटते. पट्टी गुंडाळून शिफ्ट पुरी करायची, ही सवय. एवढी चीरही या जिवाणूला आत शिरायला पुरते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले असेल तरी ते यावर चालत नाही, तो जिवाणू वेगळा.

यकृताचा आजार, नियमित दारू, मधुमेह, थॅलेसेमिया किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांना धोका कितीतरी अधिक. अशांनी तर कच्ची कालवे तोंडातही घालू नयेत. लिंबू पिळल्याने किंवा सोबत दारू घेतल्याने हा जिवाणू मरत नाही.

एवढे कराच:

• जखम, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा नवा टॅटू असेल तर काठावरूनच दर्शन घ्या. पाणी लागण्याचा संभव असेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा.
• खडकावर कालवे काढताना, चिंबोरी धरताना, मासळी साफ करताना कापले तर लगेच साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा.
• तिसऱ्या, कालवे शिंपले उघडल्यावरही काही मिनिटे उकळू द्या. न उघडलेले शिंपले फेकून द्या. कच्च्या मासळीची सुरी-ताट शिजलेल्या अन्नाला लावू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाण्यातून आल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत जखमेभोवती लाली झपाट्याने पसरली, सूज आली, जखम एवढीशी आणि वेदना मात्र असह्य असे झाले, काळसर-लाल पाण्याचे फोड उठले, थंडी वाजून ताप भरला, तर मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून रात्र काढू नका. 108 ला फोन करा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठा. गावी असाल तर तिथले, परतला असाल तर पिंपरीचे वायसीएम. योग्य अँटिबायोटिक तातडीने सुरू करावे लागते आणि सडलेला भाग अनेकदा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. इथे तासांचा हिशेब आहे.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘जखम होती आणि मी समुद्राच्या पाण्यात उतरलो होतो.’ घाटावरच्या दवाखान्यात कारखान्यातली जखम समोर आली की समुद्र कुणाच्या मनात येणार नाही. तो तुम्हीच सांगायला हवा. कच्ची कालवे खाल्ली असतील तर तेही सांगा. दारू घेतली असेल तर लाजू नका, लपवू नका.

सेफ्टी ऑफिसर आणि सुपरवायझर मंडळींना विनंती: सणाच्या रजेआधीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये हे वाचून दाखवा, आणि रजेच्या अर्जावर सही करताना समोरच्याचे हात एकदा पाहा. ठेकेदाराकडची मुले जखम दाखवायला कचरतात, खाडा पडेल म्हणून. त्यांना आधी विचारा. आणि गावी निघण्यापूर्वी प्रत्येकाने हे आपल्या घरच्यांना सांगावे, कारण ताप चढल्यावर डॉक्टरांशी बोलायची वेळ त्यांच्यावर येणार आहे.